चालत्या गाडीवर बॅटरी

प्रियदर्शनी गेली त्याच्या सोळाव्या दिवशी अभयराव लोणी काळभोरला निघाले, ट्रेलरचं राहिलेलं काम पुरं करायला. त्यांची मुलगी दीक्षा बंगळूरहून आली होती आणि अजून परत गेली नव्हती. आता ते काम करून करायचंय काय, असं तिने विचारलं.

"अर्धवट आहे," ते म्हणाले.

मग तीही चप्पल घालून त्यांच्यामागे जिना उतरली.

अभयराव स्वारगेटच्या बस डेपोत तेहतीस वर्षं इलेक्ट्रिकचं काम करून निवृत्त झालेले. कर्वेनगरला दोन खोल्यांचा फ्लॅट. त्यांची बायको प्रियदर्शनी शाळेत भूगोल शिकवायची. दोन वर्षांपूर्वी तिची फुप्फुसं कडक होत चालल्याचं निदान झालं आणि गेल्या दिवाळीपासून घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकाला नळी, पलंगाशेजारी घरघरणारा पांढरा डबा. दिवसा ती थोडा वेळ नळीशिवाय राहायची, बाहेर जायचं तर छोटा सिलिंडर पुरायचा. रात्री मात्र मशीन लागायचंच.

तिला लोणारचं सरोवर बघायचं होतं. तीस वर्षं फळ्यावर गोल काढून पोरांना शिकवलं, स्वतः एकदाही पाहिलं नाही. "खोटं बोलल्यासारखं वाटतं हो," ती म्हणायची. लॉजवर उतरू, असं अभयरावांनी सुचवलं, पण तिकडे वीज कधी जाईल सांगता येत नव्हतं. शिवाय वर्षभरात हॉस्पिटलच्या इतक्या खोल्या पाहून झाल्या होत्या की तिला कुठलीच परकी खोली नको होती.

तेव्हा त्यांना भैरूअण्णांचा ट्रेलर आठवला. लोणी काळभोरचे भैरूअण्णा जुने ओळखीचे. त्यांच्या ट्रॅक्टरची वायरिंग अभयरावांनी कितीदा तरी रविवारी जाऊन दुरुस्त केली होती. अण्णांनी एका बिल्डरकडून गाडीमागे ओढायचा, आत पलंग, ओटा आणि फ्रिज असलेला ट्रेलर घेतला होता. शेतावर पाहुणे ठेवायचा बेत होता, तो बारगळला. ट्रेलर चिंचेखाली उभा होता आणि त्याच्या सावलीत कोंबड्या बसायच्या. अभयरावांनी विचारल्यावर अण्णा म्हणाले, "न्या की. आमची पिकअप बी न्या. उभ्या उभ्या सडायलाच लागलाय त्यो."

हिशेब सरळ होता. रात्री आठ तास मशीन चालवायचं तर ट्रेलरमधली बॅटरी सकाळपर्यंत जवळजवळ रिकामी होणार. दिवसा पाच-सहा तास गाडी चालली की पिकअपच्या इंजिनाने ती पुन्हा भरली पाहिजे. म्हणजे रात्री कुठेही थांबा, लाइट असो नसो. अभयरावांनी दोन मोठ्या बॅटऱ्या बसवल्या. ट्रेलरच्या दिव्यांसाठी जी बारीक वायर येते तिच्यातून एवढी वीज यायची नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पिकअपच्या बॅटरीपासून थेट मागेपर्यंत बोटाएवढी जाड केबल ओढली, मध्ये फ्यूज टाकला, आणि ट्रेलरमध्ये चार्जर लावला. पुढून वीज कमीजास्त आली तरी मागच्या बॅटरीला हवी तेवढीच देणारा तो डबा.

उभ्या गाडीवर सगळं चोख चालायचं. इंजिन सुरू केलं की बॅटरीत किती वीज शिरतेय तो आकडा मोबाइलवर दिसायचा, अठ्ठावीस-तीस अँपिअर. गाडी रस्त्याला लागली की पाच-सात किलोमीटरवर चार्जर बंद पडायचा. थांबून बघावं तर पुन्हा चालू. तीन रविवार त्यात गेले. चौथ्या खेपेला ते मंगळवारीच गेले, कारण लोणारला निघायला दहाच दिवस उरले होते.

त्याच मंगळवारी दुपारी प्रियदर्शनीला अचानक श्वास लागला. दिवसा तिच्याजवळ असणाऱ्या बायडाबाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली. अभयराव हॉस्पिटलात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की तुम्ही शेजारी बसलेले असता तरी फरक पडला नसता. अभयरावांनी मान डोलावली आणि सही कुठे करायची ते विचारलं.

त्यानंतर त्यांना फारसं काही झालं नाही. लोक येत होते, ते दार उघडत होते. कुणी विचारलं की कसं झालं ते सांगत होते, दर वेळी त्याच शब्दांत. चहा समोर यायचा आणि केव्हातरी कुणीतरी गार झालेला कप उचलून न्यायचं. मशीनवाले मशीन न्यायला आले तेव्हा त्यांनी त्यांना फिल्टर बदलायला झालाय एवढं आठवणीने सांगितलं. दीक्षा दोनदा बाथरूममध्ये जाऊन रडली, ते त्यांना नळाच्या आवाजामागून ऐकू आलं. आपण उठून जावं असं त्यांना वाटलं नाही. वाटायला हवं, एवढं मात्र कळत होतं.

लोणीला पोचल्यावर भैरूअण्णांच्या पत्नी तुळजाबाईंनी दीक्षाला जवळ घेतलं, दोघांना पाणी दिलं. अण्णांनी ट्रेलरखाली अंथरायला पोतं आणून दिलं.

अभयराव आडवे होऊन खाली सरकले. मीटर हातात होता. या वेळी ते पुढून जाणाऱ्या वायरीच्या मागे लागलेच नाहीत, परतीची बाजू बघायला लागले. वीज मागे गेली की तिला परत यायला वाट लागते. ती त्यांनी केबल वाचवायला ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यातून दिली होती. पिकअपच्या चॅसीवर जिथे बोल्ट आवळला होता तिथे खाली रंगाचा थर तसाच होता. उभ्या गाडीत जेमतेम टेकत होतं, हादरे बसले की सुटत होतं. डेपोतल्या नव्या माणसाने हे केलं असतं तर त्यांनी त्याला दिवसभर ऐकवलं असतं. त्यांनी रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, आणि तेवढ्यावर विश्वास न ठेवता परतीसाठीही वेगळी जाड काळी केबल टाकली. दीडेक तास गेला. दीक्षा बाजेवर बसून होती.

"रस्त्यावर बघायला पाहिजे," ते हात पुसत म्हणाले. "तू आकडा वाच."

ती पुढे त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा मोबाइल मांडीवर घेऊन. ट्रेलर मागे जोडून ते सोलापूर रस्त्याला लागले. उसाच्या ट्रॉल्या होत्या, त्यामुळे गाडी चाळिसाच्या वर जात नव्हती.

"तीस," दीक्षा म्हणाली. थोड्या वेळाने, "एकोणतीस." मग उरुळी कांचन आलं, गेलं. एरवी याच्या कितीतरी आधी चार्जर बंद पडायचा. आकडा एकोणतिसावरच होता.

यवत मागे पडल्यावर अभयराव म्हणाले, "त्या मंगळवारी मी ट्रेलरखाली होतो तेव्हा बायडाबाईंचा फोन आला होता. तुझ्या आईच्या मोबाइलवरून. मला वाटलं, जेवलात का म्हणून विचारायला केलाय तिने. एका हातात पाना होता, बोल्ट धरलेला. मी फोन कापला."

दीक्षाने मोबाइलवरची नजर काढली नाही.

"नंतरचे मला ऐकूच आले नाहीत. मशीन लावलं होतं भोकं पाडायचं. चाळीस मिनिटांनी पाहिलं."

"मला माहीत आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा रस्त्याकडे.

"बायडाबाईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं," ती म्हणाली. "साहेबांनी फोन कापला म्हणून."

"मग बोलली नाहीस."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. मला राग आलाय, बाबा. पण तो कुठे आहे ते सापडत नाहीये. रडूसुद्धा मी ठरवून रडले. आईसाठी रडायला पाहिजे म्हणून."

"मला तेवढंही जमलं नाही," अभयराव म्हणाले.

पुढे एक ट्रक बिघडून आडवा उभा होता. त्याला वळसा घालायला त्यांनी वेग कमी केला, ट्रेलरने मागून हलकाच धक्का दिला. दीक्षाने सवयीने पाहिलं. "अठ्ठावीस," ती म्हणाली.

"चालेल."

"राग सापडला की तुमच्यावरच काढणार आहे मी."

"काढ. माझ्याशिवाय कुणावर काढणार?"

पाटसपर्यंत जाऊन ते वळले. वळण्याआधी एका टपरीपाशी थांबले, चहा घेतला. तो गरम असतानाच दोघांनी प्यायला. येताना दीक्षा मधून मधून आकडा सांगत राहिली. आता तो खाली येत होता, कारण बॅटरी भरत आली होती. लोणीला पोचेपर्यंत सहा अँपिअर उरले होते.

अण्णा फाटकातच उभे होते. झालं का, म्हणून त्यांनी विचारलं. झालं, अभयराव म्हणाले आणि त्यांना फ्यूज कुठे आहे, ट्रेलर सोडताना कुठली जोडणी आधी काढायची, महिनाभर उभा राहिला तर काय करायचं ते सगळं सावकाश दाखवलं. अण्णांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "लेकीला घिऊन जाऊन या की लोनारला. आता तयारच हाय. मी काय नाय म्हनतोय व्हय?"

दीक्षाने वडिलांकडे पाहिलं.

"मला नव्हतं बघायचं, अण्णा," अभयराव म्हणाले. "तिला बघायचं होतं."

अण्णांनी पुन्हा आग्रह केला नाही. तुळजाबाईंनी पिशवीत वांगी आणि कोथिंबीर घालून दिली. बसने हडपसरपर्यंत आणि पुढे रिक्षाने ते दोघं घरी आले. गर्दी खूप होती. दीक्षाने रिक्षात ऑफिसला फोन करून रजा आणखी आठ दिवस वाढवली. घरी आल्यावर तिने वांग्याची भाजी टाकली आणि ते ओट्याशी उभे राहून कोथिंबीर निवडू लागले. बसायला स्टूल होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. तिनेच पायाने पुढे सरकवलं.

दीक्षा बंगळूरला गेल्यावर महिनाभराने भैरूअण्णांचा फोन आला. तुळजाबाईंना घेऊन ते अक्कलकोटला जाऊन आले होते, वाटेत दोन मुक्काम ट्रेलरमध्येच केले. फ्रिज पूर्ण वेळ चालला, पंखा चालला, बॅटरी एकदाही खाली गेली नाही. तुळजाबाई आता गाणगापूरला जाऊ म्हणत होत्या. अभयरावांनी केबल कुठे गरम लागली का ते विचारलं. अण्णांनी हात लावून पाहिली होती, गार होती.

बरं झालं, अभयराव म्हणाले. फोन ठेवल्यावर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. बरं झालं असं त्यांना थोडंसं वाटलंही.