अख्खा खांदा

"किती वेळ अजून?" दादाने तिसऱ्यांदा विचारलं.

"तासभर," धुरंधर म्हणाला आणि भट्टीचं झाकण उगाच एकदा पुसलं.

धुरावर मांस शिजवण्यात तीस वर्षं गेल्यामुळे लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. मांसाचा तुकडा नुसता हातात घेऊन हा पठ्ठ्या सांगायचा, एवढे तास लागतील, आणि तेवढेच लागायचे. चुकला होता तो घरच्यांच्या बाबतीत. आठ वर्षांपूर्वी आई दवाखान्यात असताना दादाचा फोन आला, तेव्हा भट्टीवर एक मोठी ऑर्डर होती. "एवढं उतरवतो आणि संध्याकाळपर्यंत पोचतो," असं त्याने सांगितलं. आई दुपारीच गेली. तेव्हापासून दादाने बोलणं टाकलं होतं.

आज मात्र तो आपण होऊन आला होता, तीनच्या बसने परतायच्या बोलीवर. त्याची माफी मागायची, हे धुरंधरने मनाशी पक्कं केलं होतं. पण सकाळच्या चहावर एवढं मोठं बोलणं त्याच्या जिवावर आलं. जेवताना बोलू, असं त्याने ठरवलं.

घोळ झाला तो त्या जेवणातच. एरवी डुकराचा सहा किलोंचा खांदा तो मधून कापून दोन तुकडे भट्टीत लावायचा. आठ तासांत काम फत्ते. आज दादापुढे अख्खा खांदा ठेवायची हौस, म्हणून कापला नाही, आणि वेळेचा अंदाज मात्र सवयीने दोन तुकड्यांचाच धरला. पहाटे पाचला लावलेलं मांस एकला उतरायला हवं होतं. एकला थर्मामीटरचा काटा सत्तर अंशांवर अडून बसला होता, आणि मांस उतरवायला नव्वदच्या पुढे जावं लागतं. जाड मांस असंच तासन्‌तास अडतं, हे तो आजवर दुसऱ्यांना शिकवत आला होता.

"अहो, आता तरी मधून कापा ना," बायको हळूच म्हणाली. "दादांना जायचंय."

"सगळा रस वाहून जाईल."

दोन वाजता दादाच भट्टीपाशी येऊन उभा राहिला. "अरे, जसं असेल तसं वाढ. मी काय परका आहे?"

धुरंधरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "कच्चं कसं वाढू, दादा? जरा दम धर." याहून मूर्खासारखं आपण जन्मात कधी बोललो नाही, असं त्याला पुढे कायम वाटत राहिलं.

शेवटी बायकोने घाईघाईने करून दिलेली दोन अंडी खाऊन दादा निघाला. फाटकापाशी धुरंधरने त्याची पिशवी त्याच्या हातात दिली आणि जपून जायला सांगितलं.

साडेपाचला मांस तयार झालं. धुरंधरने हात धुतले आणि फोन लावला.

"दादा, झालं."

"चांगलं झालंय का?"

"हो. हाडावरून आपोआप सुटलं."

"मग गरम आहे तोवर खाऊन घ्या." पलीकडे बसची घरघर ऐकू येत होती. "आणखी काही सांगायचंय का तुला?"

"नाही," धुरंधर म्हणाला. "एवढंच."

दादाने जरा वेळ वाट पाहिली आणि मग फोन ठेवला.