टकलाचा फोटो सरळ आलाय का?

आत्या विग बनवते. दुकानाच्या मागच्या खोलीत फळीवर लाकडी डोकी रांगेने बसलेली असतात आणि आत्या त्यांच्यासमोर बसून जाळीत एकेक केस गुंफत असते. मी कॉम्प्युटर सांभाळतो. डोक्यांशी माझं बरं जमतं. ती मध्ये बोलत नाहीत.

एकदा परगावच्या एका शिक्षिकेचा फोन आला. आजारपणात त्यांचे केस गेले होते. पुढच्या महिन्यात शाळेत परत जायचं होतं, पण वर्गासमोर तसं उभं राहायचं धाडस होत नव्हतं. आत्या नेहमीसारखी म्हणाली, "डोक्याचे चारी बाजूंनी फोटो मेल करा."

पलीकडून बाई म्हणाल्या, "आरशातसुद्धा मी रुमाल बांधूनच बघते हो. हे फोटो कोणकोण बघणार?"

"मी आणि माझा भाचा. तो काय, असून नसल्यासारखा."

"आणि मेलवाले?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. कारण जुन्या मेलवर गिऱ्हाइकाशी केसांचं बोलणं झालं, की आत्याला केस उगवायच्या तेलाच्या जाहिराती यायला लागायच्या. योगायोग असेलही. पण विगवालीला तेल विकायचं म्हणजे कुंभाराच्या दारात न फुटणारी मडकी मांडून बसायचं.

"चौकशी करून सांगते," आत्या म्हणाली.

मी एक नवी मेल कंपनी शोधली. थोडी वर्गणी, जाहिराती नाहीत. पाठवणारा आणि घेणारा दोघांनी तिथेच खातं काढलं तर पत्रं कुलूपबंद जातात आणि खुद्द कंपनीलाही वाचता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पासवर्ड विसरलात तर जुनी पत्रं कायमची गेली, हेही त्यांनी आपणहून लिहिलं होतं.

"म्हणणं काय, दूधवालाही म्हणतो पाणी घालत नाही," आत्या म्हणाली. "बस इथे."

तिने नाटकवाल्यांसाठी ठेवलेली रबरी टकलाची टोपी माझ्या डोक्यावर ओढली, फोटो काढला आणि नव्या खात्यावरून स्वतःलाच पाठवला. मग कंपनीच्या मदत विभागाला लिहिलं: 'माझ्या मेलमध्ये भाच्याच्या टकलाचा फोटो आहे. जरा उघडून बघा, सरळ आलाय का?'

उत्तर आलं, 'क्षमस्व, आम्हाला तुमचे मेल दिसत नाहीत.'

'अहो, मीच परवानगी देतेय.'

'परवानगी असली तरी दिसत नाहीत.'

'भाचा अत्यवस्थ आहे. डॉक्टरांना फोटो हवाय.'

अत्यवस्थ भाचा तेव्हा बिस्कीट खात होता.

'ऐकून वाईट वाटलं. तो फोटो बघायची आता आम्हालाही फार इच्छा आहे. पण खरंच दिसत नाही. भाच्याला आराम पडो.'

"माणूस बरा वाटतो," आत्या म्हणाली.

"माणूस बरा असेल गं, पण कंपनीचं काय? बाहेरच्या जाणकारांनी तपासणी केलीय, त्याचा अहवाल वाचला मी. अर्धा कळला."

"आणि?"

"कळलेला अर्धा चांगला आहे."

आत्याने शिक्षिकेला फोन लावून हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. माझ्या टकलासकट. शिक्षिका आधी हसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे शेवटी विश्वासच टाकायचा."

"हो. शंभर टक्क्यांची हमी मी नाही देऊ शकत."

"मग आधी मीच का टाकायचा?"

आत्याने हातातली सुई खाली ठेवली. "खरंय तुमचं," ती म्हणाली. "तुम्ही खातं तर काढा. आधी माझा फोटो येईल."

फोन ठेवून तिने कानांमागे बोटं घातली, आणि स्वतःचे केस उचलून शेजारच्या लाकडी डोक्यावर ठेवले.

आमच्या घरात माझे दाट केस आत्यावर गेलेत, असं सगळे म्हणतात.

"बाबांना माहितीये?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. आता तुला आणि त्या बाईंना."

"आणि मेलवाल्यांना?"

"ते आंधळे आहेत, आत्ताच तपासलं ना! आणि नसतील, तर बघू देत. काढ फोटो. तोंड मिट आधी."

मी तोंड मिटून चारी बाजूंनी फोटो काढले. मागची बाजू दोनदा काढावी लागली. 'पाठवा' मात्र तिने स्वतः दाबलं, आणि लगेच हात मागे घेतला, जणू तवा तापलेला होता.

दोन दिवस काहीच आलं नाही. आत्या रोज विचारायची, "जाहिरात आली का?" मी म्हणायचो, "नाही." मग हळूच, "आणि बाईंचं?" "नाही."

तिसऱ्या दिवशी फोटो आले. चारी बाजूंनी, शिवाय एक वरून, न मागितलेला. खाली एकच ओळ: 'डावा कान जरा जास्तच बाहेर आलाय, केसांत झाकता येईल का?'

"बघ," आत्या म्हणाली, "कानापर्यंत आली बाई. म्हणजे शाळेत जाणार." आणि लगेच मापं घ्यायला बसली.

तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली. "आले हं!" म्हणत तिने केस चढवले आणि माझ्याकडे वळली. "भांग मधोमध आहे का रे?"

मी पुढे होऊन जरासा डावीकडे सरकवला.