अर्ध्या अंशाचे तेहतीस

अंडी उबवण्याच्या त्या कारखान्यात तीनशे अंड्यांचे भवितव्य जोवर उबवणयंत्र सांभाळणाऱ्या मावशींच्या हाती होते, तोवर सारे सुरळीत होते. परंतु मालकांचे जावईबापू पदवीचे भेंडोळे काखोटीला मारून व्यवस्थापक म्हणून अवतरले, आणि यंत्राला विद्वत्तेची बाधा झाली.

नव्या माहितीपुस्तिकेत लिहिले होते : अठराव्या दिवशी उष्णता अर्ध्या सेल्सिअस अंशाने उतरवावी. यंत्र जुने, त्याचा काटा फॅरनहाइटच्या साडेनव्व्याण्णववर उभा. मावशी प्रत्येक खेपेला त्या दिवशी काटा जेमतेम एक अंश खाली आणीत. असला अडाणी अंदाज जावईबापूंच्या शास्त्रशुद्ध बुद्धीस कसा रुचावा? त्यांनी नवाने गुणले, पाचाने भागले, बत्तीस मिळवले, आणि मावशी जेवायला गेल्याची संधी साधून काटा तब्बल तेहतीस अंशांनी उतरवला.

दोन तासांनी मावशींनी यंत्राच्या काचेला हात लावला. काच गार होती. त्यांनी जावईबापूंना हाक मारली.

"जावईबापू, हे काय करून ठेवलंत?"

"शास्त्र, मावशी! अर्धा सेल्सिअस म्हणजे तेहतीस फॅरनहाइट. सूत्र आहे ते."

"साडेनव्व्याण्णवातून तेहतीस गेले, उरले साडेसहासष्ट. या खोलीतच पंच्याहत्तर आहेत. खोलीपेक्षा गार उबवण! बर्फ आणू का थोडा?"

"सूत्र चुकत नसतं!"

"सूत्र कशाला चुकेल? वापरणारा आहे की त्यासाठी! पाणी गोठतं तिथं सेल्सिअस शून्य म्हणतो, फॅरनहाइट बत्तीस. म्हणजे हा बत्तीसच्या स्टुलावर उभा. उंची सांगताना स्टूल धरा, बापडे. पण स्टुलावरचं पोर बोटभर वाढलं, तर वाढीतही स्टूल मोजाल? अर्ध्याचा होतो पॉइंट नऊ. संपलं!"

मालक दारात उभे राहून ऐकत होते. बोलावे तर लेक रुसणार, न बोलावे तर अंडी नासणार. बराच वेळ चष्मा पुसून झाल्यावर ते म्हणाले, "मावशी, यंत्राला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"मामंजी, पण माझं शिक्षण..."

"ते घरी ठेवा. जपून."

मावशींनी काटा अठ्ठ्याण्णव पॉइंट सहावर आणला आणि यंत्रापुढून हलल्या नाहीत.

पिल्ले एक दिवस उशिरा बाहेर पडली. एरवी पाच-सहा अंडी वाया जात. या खेपेस एक्केचाळीस तशीच राहिली. जावईबापू खाकरले. "शेकडेवारीत पाहिलं तर तसं फार नाही..."

मालकांनी त्यांच्या हातात फावडे दिले. परसात खड्डा खणून ती अंडी त्यांनाच पुरावी लागली. तळहाताला फोड आले, सदऱ्याला वास लागला, आणि शेकडेवारीचा उच्चार त्यांनी पुन्हा केला नाही.

मावशींनी खिडकीतून एकवार पाहिले. टोमणा मारण्याइतकाही वेळ त्या माणसावर दवडणे त्यांना परवडणारे नव्हते. दोनशे एकोणसाठ पिल्लांना पाणी पाजायचे होते.