तेल लावलेले हात

एक हात पँटच्या खिशात ठेवून ऑर्डेल गॅस्किन दुसऱ्या हातातल्या लाकडी काडीने, चर्चमधल्या गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँपच्या उघड्या पोटातली एकेक तार हळूच दाबून पाहत होता. काडी चिनी खाणावळीच्या जेवणाबरोबर आलेली. आत काचेच्या ट्यूब लाल झाल्या होत्या आणि त्यांच्यापाशी माणूस मारण्याइतकी वीज होती, दोन्ही हात लागले तर ती छातीतून जाते, म्हणून एक हात खिशात.

अँपमधून चर्चचे उपदेशक एल्डर ट्रॅमल यांचं प्रवचन चाललं होतं. ऑर्डेलने सकाळीच टेप जोडून ठेवली होती. त्याचं जेवण झालं, भांडी झाली, तरी अँप तापतच होता.

एल्डर आधी नुसते बोलतात. मग शब्दांना सूर लागतो, आणि कधीतरी बोलणं सरून गाणंच उरतं. तिथे ब्रदर क्लीव्हन मिम्स यांची स्टील गिटार उत्तर द्यायची. एल्डरांनी ‘प्रभू’ म्हणावं आणि तारेवरून पोलादी कांडी सरकवत मिम्सनी तीच हाक रडवेली करून परत द्यावी. टोलीडोतल्या आमच्या चर्चमधली थकलेली माणसं त्या एका उत्तरावर पुढचा आठवडा काढायची.

टेपवर एल्डरांचा आवाज चढू लागला. काडी कोपऱ्यातल्या तारेच्या जोडावर, सोल्डरच्या एका टाक्याला टेकली. कडकड झाली आणि एल्डर घसा बसल्यासारखे दबले. काडी उचलली, एल्डर पुन्हा गाऊ लागले.

ऑर्डेल स्टुलावर बसला.

टाका त्याचाच होता. अँप त्यानेच सुटे भाग मागवून घरी बांधला होता. एक जाड तार पत्र्याच्या पेटीला सोल्डरने जोडायची होती. तेवढा पत्रा तापायला सोल्डरिंगची मोठी इस्त्री लागते. त्याने छोटीवरच भागवलं. जन्मभर शाळेच्या बसगाड्यांच्या तारा जोडलेला माणूस, त्याला कोण सांगणार? टाका वरून चकचकीत दिसला, आतून धरलाच नव्हता. थंड असताना ठीक, तापला की सुटायचा. आणि अँप पुरता तापायचा तो नेमका एल्डर गायला लागले की.

गिटार अडखळू लागली तेव्हा एल्डरांनी त्यालाच विचारलं होतं. त्याने अँप घरी आणला, लावला, दोन सूर ऐकले, बंद केला. वर सांगून आला की अँपमध्ये काही नाही, ब्रदर मिम्सचं आता वय झालं. मग सगळ्या चर्चने मिम्सना वेदीपुढे बसवून त्यांच्या हातांना तेल लावलं, हात बरे व्हावेत म्हणून प्रार्थना केली. ऑर्डेलनेही लावलं. पुढच्या रविवारी गिटार पुन्हा अडखळली, आणि मिम्स आपण होऊन मागच्या बाकावर जाऊन बसले.

गेल्या रविवारी डेट्रॉइटच्या एका पाहुणीने त्याच अँपवर वाजवलं. त्याच जागी तीच कडकड. लोक तिच्याकडे बघत होते, ऑर्डेल आपल्या बुटांकडे.

त्याने अँप बंद केला, आत साठलेली वीज काढून टाकली, मोठ्या इस्त्रीने टाका नव्याने मारला आणि अँप पुन्हा तापवला. एल्डर शेवटपर्यंत स्वच्छ गायले.

उद्या रविवारी गपचूप अँप जागेवर नेऊन ठेवला असता तरी चाललं असतं. मिम्स वाजवतील, सगळे उठून म्हणतील, तेलाचा गुण आला. मिम्सही रडतील. यात कुणाचं काय जाणार होतं? पण आपला कच्चा टाका देवाच्या नावावर खपवणं त्याच्याने होईना. त्याने कोट चढवला.

दार मिम्स यांच्या बायकोने, सिस्टर अर्लीनने उघडलं. “ती तुझी पेटी नाही ना आणलीस?” ती म्हणाली. “आता या घरात वाजवणारं कुणी नाही.”

मिम्स जेवायला बसले होते. अर्लीन परत त्यांच्याशेजारी बसली आणि त्यांच्या ताटातलं मांस कापू लागली. ऑर्डेलने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टाक्याचं सांगितलं, आणि एल्डरांना आपण काय बोललो तेही.

अर्लीनची सुरी थांबली.

“मी गाडी चालवणं सोडलं, ऑर्डेल,” मिम्स म्हणाले.

“ठाऊक आहे.”

“शर्टाची बटणंसुद्धा हीच लावते. मला खरंच वाटायला लागलं होतं, की हातातलं गेलं.”

ऑर्डेल म्हणाला, “उद्या तुम्ही वाजवा, ब्रदर मिम्स. टाका पक्का केलाय.”

“उद्या तू बोल. चर्चमध्ये साक्ष द्यायच्या वेळी उभा राहा आणि इथे बोललास ते सगळं तिथे बोल. माझ्या हातांना ज्यांनी तेल लावलं ते सगळे समोर असतील. वाजवायचं मग बघू. मला राग आलाय, आणि रागात मी देवाच्या दारात वाजवत नाही.”

ऑर्डेलने हो म्हणून मान हलवली. बस, असं कुणी म्हणालं नाही आणि तो बसलाही नाही.

मिम्सनी अर्लीनच्या हातातली सुरी काढून घेतली. तिने काटाही त्यांच्याकडे सरकवला. पहिला तुकडा वेडावाकडा निघाला, सुरी ताटावर करकरली. त्यांनी तो सावकाश चावून खाल्ला आणि दुसरा कापायला घेतला.