छत्री नंबर चौदा

दारिओने चर्चमधून आणलेली ऑलिव्हची डहाळी टेबलावरून बाजूला सारली आणि तिथे लॅपटॉप उघडला.

"आई, हे बघ. चार खोल्या, टेकडीवर, पोहायला घराचाच तलाव. जुलैचे पहिले दोन आठवडे."

ओर्नेल्ला सुरीने टेबलावरचा पावाचा चुरा गोळा करत होती.

"गाव तेच ना?"

"तेच, कालाव्हेरा. पण ऑगस्टची ती जत्रा नको आता. आणि तलाव असताना बाच्चिनची छत्री हवीय कशाला?"

"सव्वीस वर्षं झाली त्या छत्रीला."

"म्हणून काय ती वडिलोपार्जित इस्टेट झाली?" दारिओ हसला. त्याची बायको सिल्वियाही हसली, पण सासूकडे बघून तिने हसू आवरलं.

इस्टेटच होती ती. बाच्चिन समुद्रकिनाऱ्यावर छत्र्या भाड्याने द्यायचा, आणि त्यातली दुसऱ्या रांगेतली चौदा नंबरची छत्री ओर्नेल्लाची, हे तिथल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. फक्त दरवर्षी ईस्टरच्या आत 'येतो' म्हणून कळवायचं. नाही कळवलं की नंबर दुसऱ्याला जायचा, आणि गेलेला नंबर कोणाला परत मिळाल्याचं तिने तरी ऐकलं नव्हतं. ईस्टर पुढच्या रविवारी होता.

पण तिला घोर चौदाचा नव्हता. पंधराचा होता.

पंधरा नंबरला मिलानचे आउरेलिओ बसत. पियानो सुरात लावून देणं हा त्यांचा व्यवसाय. दर ऑगस्टला ते तिच्यापासून हातभर अंतरावर असायचे. आधी दोन्हीकडे जोडीदार होते. मग त्यांची बायको गेली, चार वर्षांपूर्वी ओर्नेल्लाचा रेन्झो गेला, आणि उरलेली दोघं शब्दकोडी सोडवत बसू लागली. पोहण्याच्या कपड्यांत शेजारी बसायचं आणि एकमेकांना अहो-जाहो करायचं, असा सगळा शिष्टाचार. "तुम्हाला सुचतंय का काही, पाच अक्षरी नदी?" एवढंच ते विचारत. उरलेले अकरा महिने ती त्या आवाजासाठी झुरायची, हे तिने स्वतःशीसुद्धा हल्लीच कबूल केलं होतं. मुलाला काय सांगणार? सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

"कर तुला हवं ते," ती म्हणाली. "मी कॉफी ठेवते."

स्वयंपाकघरात तिने गॅस पेटवला आणि बाच्चिनला फोन लावला. सोडायचं तर निदान रीतसर सोडावं.

"बाच्चिन, यंदा चौदा नंबर..." पुढचं तिला बोलवेना.

"ऑगस्ट, ठाऊक आहे. लिहूनसुद्धा ठेवलंय, बाई. आणि पंधरावाल्यांचा निरोप आहे. दोनदा फोन आला त्यांचा. जसाच्या तसा लिहून घे म्हणाले. थांबा, चष्मा कुठे मेला... हां. 'कोडं अर्धं राहिलंय. ऑगस्टमध्ये येशील ना?'"

ओर्नेल्लाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"येशील?"

"येशील. मी विचारलं ना त्यांना, 'याल ना' असं लिहू का म्हणून. तर म्हणाले, शहाणपणा करू नकोस, सांगतो तसं लिही."

कॉफी वर येऊन फसफसायला लागली, तरी तिचा हात गॅसकडे गेला नाही. करपल्याचा वास आला तसा दारिओ दारात येऊन उभा राहिला.

"मग काय कळवू त्यांना?" बाच्चिनने विचारलं.

"त्यांना सांग," ओर्नेल्ला म्हणाली आणि थांबली. "त्याला सांग, मी येतेय."

दारिओने पुढे होऊन गॅस बंद केला.

"त्याला म्हणजे कोणाला, आई?"

"तुम्ही जा रे जुलैत," ती म्हणाली आणि कप मांडायला लागली. "मला ऑगस्टच बरा."