दोघांना आणायला गेलेली होडी

मित्रांनो, अंगणाच्या कडेला जी जुनी होडी पालथी पडली आहे आणि जिच्यावर चढून तुम्ही उड्या मारता, ती मी. खुशाल मारा. कोंबड्यांपेक्षा तुम्ही बरे.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. सुतार तोंडाने फटकळ, पण हाताने हळुवार. त्याने फळीला फळी जोडली, फटींत कापूस ठोकला, वरून डांबर फासलं आणि माझ्या मालकांना बजावलं, "माझ्या हातची होडी बुडवलीत तर मला तोंड दाखवू नका!"

मालकांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. वल्ही मारणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पुढचं त्याला दिसतच नाही. म्हणून मालकीणबाई मागच्या फळीवर बसत आणि डावं-उजवं सांगत. मालकांना दिवसभर दिसायचा तो फक्त त्यांचा चेहरा. त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती.

युद्धाच्या त्या वर्षी, एका सकाळी, दोघांचा अबोला चालू होता. मालकांनी मेहुण्यासमोर बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती. पण न बोलता होडी चालणार कशी? मग मध्यस्थ झाले मी.

"होडीबाई, ह्यांना सांग, डावीकडे घ्या."

"होडीबाई, हिला सांग, कळतं मला."

मला मेलीला हसू आवरेना.

इतक्यात आकाशात घरघर झाली. एक लष्करी विमान धूर सोडत खाली येत होतं. त्याचा एक पंख पाण्याला लागला, ते गर्रकन फिरलं आणि नाक खुपसून बुडालं. पाणी केवढं तरी उसळलं. ते खाली बसलं तेव्हा दोन डोकी वर आली.

"होडीबाई, ह्यांना..." मालकीणबाई सवयीने म्हणाल्या आणि थांबल्या. "अहो, ओढा! माणसं आहेत, दोन माणसं!"

मालकांनी पाण्यात सोडलेलं जाळं सुरीने कापून टाकलं. ते मालकीणबाईंनी आठ महिने बसून विणलं होतं, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मालक जीव खाऊन वल्ही मारत होते. अर्ध्या वाटेत मालकीणबाईंचा चेहरा उतरला. मालकांनी मागे वळून पाहिलं नाही.

"एकच राहिला का गं?"

"तुम्ही ओढा," त्या म्हणाल्या.

त्या एकाला आम्ही वर घेतलं. विमान आपलं की शत्रूचं, यावर लोक पुढे कितीतरी दिवस वाद घालत होते. मला विचाराल तर तो थंडीने कुडकुडत होता, एवढंच मला माहीत. तो पाण्याकडे बोट दाखवून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. कोणाचं तरी नाव असावं. दुपारपर्यंत आम्ही तिथेच घिरट्या घातल्या. दुसरा सापडला नाही.

किनाऱ्यावर आमचं फार कौतुक झालं. मला नवा रंग मिळाला आणि मी फुशारले, खोटं कशाला बोलू? मालकीणबाईंना मात्र ते कौतुक गोड लागलं नाही. पुढे त्या जागेवरून जाताना दर खेपेला त्या म्हणत, "थांबा जरा." मालक वल्ही वर धरत आणि त्या पाण्याकडे बघत राहत. असं चाळीस वर्षं चाललं. "आता पुरे," असं मालक एकदाही म्हणाले नाहीत. यासाठी मला ते फार आवडत.

मालक जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी उन्हात पडून आहे आणि माझ्या फळ्यांत फटी पडल्या आहेत. मालकीणबाई खिडकीत बसतात. परवाच शेजारणीला म्हणाल्या, "पाण्यातल्या त्या पोराकडे हल्ली कोणी जातच नाही गं."

मित्रांनो, माझ्या फटी बुजवा, थोडं डांबर लावा. मग मालकीणबाईंना हाताला धरून माझ्यात बसवा. वल्ही तुम्ही मारा. त्या थांबा म्हणतील तिथे थांबा. तुम्हाला नुसतं पाणी दिसेल, पण "इथे तर काहीच नाही" असं मात्र त्यांना म्हणू नका.