हळदीचा कागद आणि माझी काच

मित्रांनो, माझं नाव तुम्हाला ठाऊक नसेल, कारण मला नावच नाही. उरणजवळच्या आपल्या कॉलेजात जिन्याखाली भिंतीवर काचेचा फलक आहे ना, तो मी. माझ्यासमोर उभे राहून तुम्ही वेळापत्रक बघता आणि माझ्याच काचेत केस नीट करता. मी जुना आहे, फणसाच्या लाकडाचा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, फार भित्रा आहे. आज संध्याकाळी तर माझी पाचावर धारण बसली आहे.

मला बोर्ली पंचतनच्या कोंडाजी सुतारांनी घडवलं. भिंतीवर चढवताना माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "शंभर वर्सं वालवी लागायची न्हाय ह्याला." वाळवीबद्दल त्यांचं खरं ठरलं. दगडाबद्दल ते काही बोलले नव्हते.

तो दगड मी तीन वर्षांचा असताना आला. एका मुलाने गावच्या पालखीला पहिला खांदा नेहमी त्याच घरांनी का द्यायचा, असं लिहून माझ्यात लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी काच जमिनीवर पडलेली होती. शिपाई सदाभाऊंनी तुकडे गोळा केले. मला नवी काच मिळाली आणि छोटं कुलूपही मिळालं. तो मुलगा मात्र पुन्हा कॉलेजात दिसला नाही. त्याचं काय झालं, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि भीतीने मी विचारूही शकलो नाही.

त्यानंतर माझ्यात फक्त सुविचार लागले. 'सदा खरे बोलावे', 'एकीचे बळ मिळते फळ'. सुविचारावर कोणी दगड मारत नाही, कारण तो कोणी वाचतच नाही. तपासणीला आलेले पाहुणे माझ्याकडे बघून "वा, सुंदर अक्षर!" म्हणायचे आणि चहाला जायचे. माझ्यावर धूळ बसली, कोपऱ्यात कोळ्याने घर केलं. तुम्हाला वाटेल मी दुःखी होतो. छे! आपण बरं नि आपली भिंत बरी, अशा मजेत होतो मी.

मग दोन वर्षांपूर्वी प्राची मॅडम आल्या आणि माझी झोप उडाली. त्यांनी मला पुसलं आणि मुलांसाठी एक रीत घातली. दर पंधरवड्याला एक विषय निवडायचा आणि त्याच्या दोन बाजू डब्यातल्या चिठ्ठ्यांवर लिहायच्या. जी चिठ्ठी हाती येईल, ती बाजू मांडायची, मग मनातून पटो वा न पटो. दोन्ही कागद माझ्यात शेजारी शेजारी लागायचे. कागद आवडला नाही, तर उत्तर लिहून आणायचं. ते बाजूला लागेल, पण पहिला कागद काढायचा नाही.

या वेळचा विषय होता हळदीतला डीजे. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. 'डीजे हवाच' ही चिठ्ठी विनेशला आली, जो हळदीला कानात कापूस घालून बसतो. 'डीजे नको' ही आली भाविकाला. भाविका म्हणजे हळदीत पहिली नाचायला उतरणारी पोर! वर्ग खो खो हसला. ती पण हसली.

लिहायला बसली तेव्हा मात्र तिचं हसू गेलं. माझ्यासमोरच्या बाकावर बसून तिने तीन वेळा कागद फाडला. शेवटी जो लागला त्यात लिहिलं होतं, की मागच्या हळदीत धवलारीण येसूबाई लग्नाची गाणी म्हणत होती आणि डीजेपुढे तिचे फक्त ओठ हलताना दिसत होते. आणि पुरुषमंडळी प्यायला लागली की मुली एकेक करून घरात जातात, हे सगळे बघतात आणि कोणी बोलत नाही.

कोणीतरी फक्त तिच्याच कागदाचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. शनिवारी दुपारी पाच-सहा माणसं आत शिरली. पुढे होते दयाराम, भाविकाचे सख्खे काका. त्यांचे दोन ट्रेलर न्हावा शेवा बंदरात चालतात आणि आवाजही ट्रेलरसारखाच आहे. त्यांच्या मुलीची, अमिषाची, हळद बुधवारी होती आणि भाविका तिची करवली होती.

काकांनी माझ्यावर तळहात आपटला. मी जाम थरथरलो. मला तो जुना दगडच आठवला.

"माझे घरानची पोर माझेच हलदीला नावा ठेवतंय?" ते भाविकाला म्हणाले. सदाभाऊ हळूच बोलले, "शेठ, चिठ्ठी पडली म्हनून लिवलाय तिनं." काका थोडे निवळले. "मंग ह्याच सगल्यांसमोर सांग. माझा मत नाय, चिठ्ठी पडली. आनि बुधवारी ये. नायतर माझा उंबरा चढू नको."

मित्रांनो, मी मनातून ओरडत होतो, सांग गं बाई! खोटं कुठे आहे त्यात? चिठ्ठी तर पडलीच होती. तिचं करवलीपण वाचेल, माझी काच वाचेल. मी अगदी देव पाण्यात घालून बसलो होतो.

भाविका दोन पावलं पुढे आली. ती म्हणाली, "काका, चिठ्ठी पडली ह्या खरा हाय. पन लिवताना मना पटला, ह्यापन खरा हाय."

मी डोळे मिटले असते, पण फलकाला डोळे मिटता येत नाहीत. तेवढ्यात प्राची मॅडम पुढे झाल्या. त्याही घाबरल्या होत्या, त्यांच्या हातातल्या किल्ल्या वाजत होत्या. "दयारामदादा, कागद काढता येणार नाही. पण तुमचं उत्तर शेजारी लागेल. तुम्ही सांगा."

"मना काय लिवता येतंय?" काका गुरगुरले.

"तुमी बोला, मी लिवतंय," भाविका म्हणाली आणि बाकावर बसली.

आणि काका बोलले. "आमची जमीन गेली, मिठागरा गेली. पोरा दिसभर कंटेनर ओढतान. कंपनीचे गेटवर आमाला कोन ओलखत नाय. वरसातून येक दिस गाव नाचतंय, तवढा तरी आमचा आमाला र्‍हाऊ द्या." भाविकाने शब्द न् शब्द उतरवला. एके ठिकाणी थांबून तिने विचारलं, "काका, आज्याला मिठागरावर मालकानं हलदीची सुट्टी दिली नवती, ता सांगा ना. ता जोरात लागंल." स्वतःच्याच विरुद्ध ती त्यांना मुद्दा पुरवत होती! मी इतकी वर्षं भिंतीवर आहे, असं कधी पाहिलं नव्हतं.

काकांनी तिच्याकडून ते वाचून घेतलं. "मी बोललू त्यापेक्षा बरा लिवलंस," ते म्हणाले. मला हायसं वाटलं, पण जाता जाता ते वळले. "बुधवारी ये. डीजे वाजनारच. काचेचे मागं कोनपन शूर असतंय. तुझा कागद आन, आनि चार गावांसमोर वाच."

मित्रांनो, आज बुधवार आहे. दुपारी भाविका आली, सदाभाऊंकडून कुलूप उघडून घेतलं आणि दोन कागद काढून घेतले, स्वतःचा आणि काकांचाही. "दोनी वाचीन, आनि उद्या परत लावीन," ती सदाभाऊंना म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

संध्याकाळपासून खाडीपलीकडून डीजे ऐकू येतो आहे. माझी काच चौकटीत खडखडते आहे. आणि आत्ताच, एका क्षणात, तो आवाज बंद झाला.

कदाचित वीज गेली असेल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं माझं होतंय. पण मला वाटतं, तिने माइक हातात घेतला आहे. इथे तिच्यापुढे निदान मी होतो. तिथे तिच्या आणि त्या गर्दीच्या मध्ये कोणतीच काच नाही.

मला पुसू नका, रंग देऊ नका, माझी काळजी करू नका. तुमच्यापैकी जे आज त्या मांडवात असतील, त्यांना माझी एकच विनवणी आहे. तिचं तुम्हाला न पटो, खुशाल न पटो. पण ती पोर दोन कागद घेऊन उभी आहे. तिला दुसरा कागद संपेपर्यंत बोलू द्या.